आधी फट मोजा

मंडळी, वॉटरजेटचं, म्हणजे पाण्याच्या झोतानं धातू कापणाऱ्या मशीनचं, नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: पाण्यानं लोखंड कापतं कसं? तर लोखंडाला पाणी कापत नाही, वाळू कापते. गार्नेट या खनिजाची, लालसर, बहुतेक वेळा ८० मेशची (मेश म्हणजे चाळणीचं माप). पाण्यानं तिला फक्त फेकायचं.

पंपात तेलाचा दाब असतो साधारण २०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास दोनशे पट. तेल ज्या पिस्टनला ढकलतं तो मोठा, आणि पाणी दाबणारा दट्ट्या क्षेत्रफळानं त्याच्या विसाव्या हिश्शाचा. म्हणून पाण्याला मिळतात ४,००० बार. हे पाणी नीलमण्याच्या किंवा हिऱ्याच्या तुकड्यातल्या पाव-एक मिलिमीटरच्या भोकातून आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगानं सुटतं आणि जाता जाता वाळू ओढून घेतं. वाळू मिसळायची ही युक्ती १९८०च्या सुमारास अमेरिकेत मोहम्मद हशीश यांनी बसवली. त्याआधी नुसत्या पाण्यानं पुठ्ठ्यासारखं मऊ सामान कापत.

फायदा एकच, पण मोठा: उष्णता लागत नाही. कड कडक होत नाही, प्लेट वाकत नाही. मात्र वेग कमी. ३ मिलिमीटरचा एमएसचा (साध्या पोलादाचा) पत्रा यावर कापणं म्हणजे पैशाचा चुराडा, तिथं लेसर कटिंगच. ५० मिलिमीटरची एसएसची (स्टेनलेस स्टीलची) प्लेट असेल तर गोष्ट वेगळी. कापलेली कड हातात घेऊन बघा. वर मखमलीसारखी लागते, खाली मागे वळलेल्या रेघा दिसतात. त्या जितक्या जास्त वळलेल्या, तितकी ऑपरेटरला घाई होती.

आता आमची फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही १,५०० वॉटचं हातात धरायचं लेसर वेल्डिंग मशीन घेतलं. डेमोत दीड मिलिमीटरच्या एसएसच्या पट्ट्या अशा जोडून दाखवल्या की बफिंगची (घासून चकचकीत करायची) गरज नाही. मशीन शेडमध्ये आलं, टाकीचा जॉब लावला, आणि पहिल्याच कोपऱ्यात भोक! आमच्या वेल्डरचा आर्गॉनवर, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणातल्या नेहमीच्या वेल्डिंगवर, वीस वर्षांचा हात. तरी मी त्यालाच बोललो, ते चुकलं. मग फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला. दोन पत्र्यांमधली फट पाऊण मिलिमीटर. डेमोच्या पट्ट्या लेसरनं कापलेल्या होत्या, आमच्या शिअरिंगवर (पत्रा कातरायच्या मशीनवर) कापून ग्राइंडरनं जुळवलेल्या. आर्गॉनवर तो ती फट रॉड देऊन, हात हलवून भरून काढायचा. म्हणजे इतकी वर्षं आमच्या कटिंगची उधारी वेल्डर फेडत होता.

लेसरचा ठिपका मिलिमीटरच्या काही दशांशाचा. फट पत्र्याच्या जाडीच्या दहाव्या हिश्शापुढे गेली की तो मधूनच निसटायला लागतो. वॉबल (ठिपका डावी-उजवीकडे हलवणं) आणि वायर फीड (वरून तार देणं) थोडं सांभाळून घेतात. थोडंच. आम्ही मग पातळ पत्रा लेसर कटिंगला बाहेर पाठवायला लागलो, जाड फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या) वॉटरजेटच्या जॉबवर्कला. वॉटरजेट विकत घेतलं नाही, आणि का तेही सांगतो. मिनिटाला ४०० ग्रॅम वाळू धरा. तासाला २४ किलो, आठ तासांत १९० किलोच्या आसपास. ती नुसती आणायची नसते, ओला गाळ होऊन टाकीतून उपसायचीही असते. कोटेशनमध्ये ही ओळ मला अजून दिसलेली नाही.

एक राहिलं, चष्मा. या लेसरची तरंगलांबी १,०८० नॅनोमीटरच्या आसपास, किरण डोळ्याला दिसत नाही. वेल्डिंगची नेहमीची काळी काच त्यासाठी बनवलेली नाही, त्याच तरंगलांबीचा चष्मा लागतो. आणि चकचकीत एसएसवरून उडालेला किरण वेल्डरच्याच डोळ्यात जाईल असं थोडंच आहे? बाजूनं जाणाऱ्याच्याही जाईल. आम्ही तो कोपरा बंदिस्त केला, दाराला स्विच बसवला. दार उघडलं की बीम बंद. चहावाला आता बाहेरूनच हाक मारतो.