झाडावरच्या आजी आणि बर्कलेचं स्टेडियम

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं एक स्टेडियम, ते नव्यानं बांधायचा आराखडा, आणि त्या आराखड्यात पाय घालणारी माणसं. फुटबॉल म्हणजे तिथला, लंबगोल चेंडूचा, बहुतेक वेळ हातानंच खेळायचा. नियमांत मी शिरत नाही. शिरले तर माझी वेळ तिथंच संपेल आणि जी गोष्ट सांगायला मी आज इथं बसले आहे ती राहून जाईल.

एवढं लक्षात घ्या की तिथं कॉलेजचा सामना ही लहानसहान गोष्ट नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. एक लाख सात हजार! कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला! आणि आपल्याकडे कॉलेजचं मैदान म्हणजे लग्नसराईत भाड्यानं द्यायची जागा. मुलं खेळायला गेली की मांडवाचे खड्डे आणि पत्रावळी. पण ते असो, ते बोलायला लागले की माझं डोकं तापतं.

आपलं स्टेडियम आहे बर्कलेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीपलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं हे मेमोरियल स्टेडियम. पहिल्या महायुद्धात गेलेल्या कॅलिफोर्नियाच्या माणसांचं स्मारक म्हणून लोकांच्या वर्गणीतून ते उभं राहिलं. २४ नोव्हेंबर १९२३ रोजी स्टॅनफर्डशी झालेल्या सामन्यानं त्याचं उद्घाटन झालं आणि बर्कलेनं तो ९-० जिंकला. स्टॅनफर्डशी होणाऱ्या या वार्षिक लढतीला तिथं नुसतं 'बिग गेम' म्हणतात. कुणाशी, कुठं, हे सांगावं लागत नाही.

आता या स्टेडियमची गोम ऐका. त्याच्या खालून भूकंपाची भेग जाते. हेवर्ड फॉल्ट. जवळून नाही, शेजारून नाही. खालून, एका गोलपोस्टच्या बाजूकडून दुसऱ्या गोलपोस्टच्या बाजूकडे. भेगेच्या दोन्ही बाजूंची जमीन वर्षाला काही मिलिमीटर विरुद्ध दिशांना सरकते. मोठा भूकंप नसतानाही सरकते. शेवटचा मोठा धक्का २१ ऑक्टोबर १८६८चा, म्हणजे स्टेडियम बांधण्याच्या कितीतरी आधीचा. माझी भाची तिथं शिकायला होती. तिनं मला जुन्या बांधकामातल्या वरच्या भिंतीतला एक सांधा दाखवला होता. भिंतीची एक कड पुढं, दुसरी मागं, मधल्या फटीत माझा हात मनगटापर्यंत सहज गेला. ऐंशी-नव्वद वर्षांत जमीन फूटभर सरकली होती. आणि त्या भिंतीला टेकून मुलं निवांत पिझ्झा खात होती.

पुन्हा सांगते, कारण पुढची सगळी भांडणं त्यावर आहेत: भेग स्टेडियमच्या खालून जाते, आणि भेगेवरच्या इमारतीबाबत कॅलिफोर्नियाचा कायदा कडक आहे. अशा इमारतीत मोठे फेरफार करायचे, तर त्यांचा खर्च इमारतीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये.

तर झालं असं. २००१ साली या संघानं अकरा सामन्यांत एक जिंकला. एक! मग २००२ला जेफ टेडफर्ड नावाचे प्रशिक्षक आले आणि दोन-तीन वर्षांत संघाचं रूप पालटलं. २००४ साली दहा विजय. आता असा प्रशिक्षक टिकवायचा, तर त्याला सोयी हव्यात. व्यायामशाळा, कपडे बदलायच्या खोल्या, सगळं जुन्या स्टेडियमच्या पोटात कोंदट जागेत. म्हणून विद्यापीठानं ठरवलं, आधी स्टेडियमच्या पश्चिम भिंतीला लागून खेळाडूंसाठी नवं प्रशिक्षण केंद्र बांधायचं, मग स्टेडियम दुरुस्त करायचं. चाहते खूश. फक्त पश्चिम भिंतीला लागून जी जागा होती, तिथं ओकच्या झाडांची एक राई होती.

आणि इथं माझी गोष्ट सुरू होते.

२ डिसेंबर २००६. बिग गेमचा दिवस. पहाटे, लोक यायच्या आत, एक माणूस त्या राईतल्या रेडवुडच्या झाडावर चढून बसला. गृहस्थ नुकतेच बर्कलेच्या महापौरपदाची निवडणूक हरले होते. त्यांच्यामागून आणखी काहीजण आपापल्या झाडांवर चढले. खाली हजारो लोक निळे-सोनेरी कपडे घालून सामन्याला चाललेत, वर हे लोक फळ्या आणि दोर बांधून संसार थाटतायत. बर्कलेनं त्या दिवशी स्टॅनफर्डला २६-१७ हरवलं. सामना संपला, लोक घरी गेले. झाडावरचे गेले नाहीत.

सगळ्यांना वाटलं, थंडी आहे, पाऊस आहे, चार दिवसांत उतरतील. नाही उतरले. दोराला बांधून डबे वर जायचे, बादल्या खाली यायच्या. बादल्यांत काय असायचं ते मी रेडिओवर सांगत नाही. टोपणनावं घेऊन मुलं-मुली राहायची. एकीचं टोपणनाव होतं 'डम्पस्टर मफिन', म्हणजे कचराकुंडीतला केक. आईबापांनी काय हौसेनं नाव ठेवलं असेल आणि पोरीनं काय घेतलं बघा!

तोवर लोक म्हणत होते, रिकामटेकडी पोरं आहेत, दुसरं काय. मग आली २२ जानेवारी २००७ची तारीख. त्या दिवशी तीन बायका त्या राईत आल्या, शिडी लावली आणि वर चढल्या. पहिल्या शर्ली डीन, बर्कलेच्या माजी महापौर, वय ७१. दुसऱ्या बेटी ओल्ड्स, विद्यमान नगरसेविका, वय ८६. आणि तिसऱ्या सिल्व्हिया मॅक्लॉफलिन, वय ९०.

नव्वद! पुन्हा सांगते, नव्वद. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारे आपण, आणि या आजी झाडावर. आता या कोण, तर १९६१ साली सॅन फ्रान्सिस्कोची खाडी भराव घालून बुजवायचं चाललं होतं, तेव्हा दोन मैत्रिणींना घेऊन 'सेव्ह द बे' नावाची चळवळ उभी करणाऱ्या. आज ती खाडी डोळ्यांना दिसते, त्यात या बाईंचा वाटा मोठा आहे. म्हणजे झाडावर बसलेली व्यक्ती कुणी ऐरीगैरी नव्हती. फोटोग्राफर धावले, पेपरांत फोटो आले, टीव्हीवर आले. पोलिसांची पंचाईत अशी की नव्वदीच्या आजींना झाडावरून ओढून उतरवायचं कुणी? आणि कॅमेऱ्यासमोर? त्या थोडा वेळ बसल्या, बोलल्या, आपल्या आपण उतरल्या. पण त्या दिवसापासून 'रिकामटेकडी पोरं' हे वाक्य कुणाला फारसं वापरता येईना. मला विचाराल तर प्रत्येक गावाला अशा दोन-तीन म्हाताऱ्या हव्यात. नगरपालिका आपोआप सुधारेल.

लगेचच कोर्टानं बांधकामाला स्थगिती दिली. चाहते भडकले. त्यांचंही ऐका की. त्यांचं म्हणणं, ही राई काही आदिम जंगल नव्हे, यातली बरीच झाडं विद्यापीठानंच स्टेडियम झाल्यावर लावलेली आहेत. आम्ही एक तोडलं तर तीन लावू. आणि प्रशिक्षण केंद्र लांबलं, प्रशिक्षक सोडून गेला, तर? खेळाडू दिवसभर जिथं बसतात ती इमारतसुद्धा भूकंपात धोक्याची, तिचं काय? हा मुद्दा खरा होता. एकीकडं झाडं, एकीकडं पोरांचे जीव, असं ते भांडण होतं.

सप्टेंबर २००७ला टेनेसीचा संघ आला, हजारो पाहुणे चाहते घेऊन. त्याआधी विद्यापीठानं राईभोवती तारेचं कुंपण घातलं. कशासाठी, तर म्हणे, झाडावरच्यांना चाहत्यांपासून संरक्षण! पुढं आणखी एक कुंपण, त्यावर काटेरी तार, अहोरात्र बंदोबस्त. बर्कलेनं तो सामना ४५-३१ जिंकला, झाडावरच्यांनी तो बहुधा निम्मा ऐकला आणि निम्मा पाहिला. २००८च्या उन्हाळ्यात विद्यापीठानं खालून जाणारी रसद तोडली. मग बोंबाबोंब झाली, उपाशी मारता काय म्हणून. तेव्हा विद्यापीठानंच पाणी आणि एनर्जी बार वर पाठवायला सुरुवात केली. एनर्जी बार म्हणजे आपली चिक्कीच, चकचकीत कागदातली आणि दसपट भावाची. म्हणजे बघा, ज्यांना उतरवायचं त्यांनाच चिक्की खायला घालायची. सरकारी कामाची तऱ्हा जगात सगळीकडे एक.

शेवटी खालच्या कोर्टानं आपली स्थगिती उठवली, सप्टेंबर २००८ला वरच्या कोर्टानंही ती पुन्हा द्यायला नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी करवती सुरू झाल्या. राई गेली. उरलं एक रेडवुड आणि त्यावर चौघं. ९ सप्टेंबरला कंत्राटदाराच्या माणसांनी त्या झाडाभोवती परांची बांधायला घेतली. परांची मजल्या-मजल्यानं वर चढते आहे, पोलीसप्रमुख बाई क्रेनच्या पाळण्यात उभ्या राहून चौघांची समजूत काढतायत, खाली गर्दी, अर्धी टाळ्या वाजवणारी, अर्धी रडणारी. परांची त्यांच्यापर्यंत पोचली आणि चौघं खाली उतरले. एकवीस महिन्यांनी. त्याच दिवशी ते झाडही पडलं.

मग जिंकलं कोण? विद्यापीठ. पण आराखडा होता तसा राहिला नाही. कोर्टात एक मुद्दा अडला: नव्या केंद्राच्या बांधकामात जुन्या भिंतीला आधार देणारी एक तुळई होती, आणि ती म्हणजे भेगेवरच्या स्टेडियममध्येच फेरफार झाला. विद्यापीठानं ती काढून टाकली. केंद्र स्टेडियमपासून वेगळं झालं आणि २०११ला उघडलं. त्या वर्षी संघ सॅन फ्रान्सिस्कोत बेसबॉलच्या मैदानावर खेळला, आणि इकडं स्टेडियमची फक्त बाहेरची ऐतिहासिक भिंत ठेवून आतलं बरंचसं नव्यानं बांधलं. भेगेवर येणारे दोन भाग सुटे केले. ते वाळू आणि प्लास्टिकच्या थरांवर बसवलेत, म्हणजे जमीन हलली की तेवढे भाग आपापले सरकतील, बाकीचं ओढून नेणार नाहीत. इंजिनिअर मंडळींनी यावर एखादं वेगळं भाषण द्यावं, मला जेवढं कळलं तेवढं सांगितलं.

पैशाचं गणित मात्र बसलं नाही. चांगल्या जागा चाळीस-पन्नास वर्षांसाठी विकून पैसा उभा करायचा बेत होता. एकेका खुर्चीला लाखो डॉलरपर्यंत भाव. त्या हव्या तशा खपल्या नाहीत आणि चाळीस कोटी डॉलरहून जास्त कर्ज विद्यापीठाच्या डोक्यावर बसलं. १ सप्टेंबर २०१२ला नव्या स्टेडियममधला पहिला सामना नेव्हाडाकडून ३१-२४ असा हरले. आणि ज्यांना टिकवण्यासाठी हा सगळा घाट घातला, त्या टेडफर्डना त्याच मोसमाअखेर, नोव्हेंबरमध्ये, नारळ दिला.

पुढं २०२१ला मैदानाचं नाव एका क्रिप्टो कंपनीला दहा वर्षांसाठी पावणेदोन कोटी डॉलरना दिलं. एफटीएक्स. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली, पाटी उतरली. हुतात्म्यांच्या स्मारकाला जाहिरातीचं नाव लावतातच कशाला, हा माझा जुना राग आहे, आणि तो फक्त अमेरिकेपुरता नाही.

आता शेवटचं. स्टेडियमच्या पूर्वेला एक टेकडी आहे, 'टाइटवॉड हिल', म्हणजे कंजुषांची टेकडी. स्टेडियम झाल्यापासून लोक तिथं मातीत बसून फुकट सामना बघतात. संघानं गुण मिळवला की तिथली तोफ उडते. १९९१ साली पॅसिफिक विद्यापीठाविरुद्ध बर्कलेनं ८६ गुण केले, बारा टचडाउन, म्हणजे बारा वेळा चेंडू थेट समोरच्यांच्या टोकापर्यंत नेला, आणि तोफेची दारूच संपली. मूळ आराखड्यात पूर्वेकडं उंच स्टँड होता, त्यानं टेकडीवरून दिसणं बंद झालं असतं. तेव्हा हे फुकटे प्रेक्षकही कोर्टात गेले. हो, एक पैसा न देणारे! आणि तडजोडीत विद्यापीठानं पूर्वेकडचा तो विस्तार सोडून दिला. झाडं वाचली नाहीत, टेकडीवरचा नजारा वाचला.

तुमचं कुणी त्या भागात असेल आणि मोसमात जाणं झालं, तर शनिवारी दुपारी टेकडीवर जाऊन या. तिकीट लागत नाही. चढ चांगलाच दमवतो, बूट घालून जा, पाण्याची बाटली न्या, आणि तोफेच्या फार जवळ बसू नका.

नमस्कार.