डेंग्यूच्या मोसमात मिस-सी ओळखताना
(तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणारे डॉक्टर आणि परिचारिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

एप्रिल २०२०च्या अखेरीस इंग्लंडमधल्या डॉक्टरांना एक तातडीची सूचना गेली: एरवी धडधाकट असणारी मुलं तीव्र ताप, पोटदुखी आणि शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं) घेऊन अतिदक्षता विभागात दाखल होत आहेत. १५ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची प्राथमिक व्याख्या प्रसिद्ध केली. तोच हा मिस-सी, म्हणजे मुलांच्या अनेक अवयवांना एकदम दाह होण्याचा आजार (मल्टिसिस्टिम इन्फ्लमेटरी सिंड्रोम इन चिल्ड्रन). करोनाचा संसर्ग होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी तो डोकं वर काढतो. मूळ संसर्ग अनेकदा इतका किरकोळ असतो की घरात कुणाला पत्ताही लागत नाही. नुकसान करते ती बेफाम झालेली प्रतिकारशक्ती आणि तिचा मोठा फटका हृदयाला बसतो.

ओमिक्रॉननंतर हे रुग्ण खूप कमी झाले. पण कमी झाले म्हणूनच ते आता आपल्या मनात येत नाहीत. पावसाळ्यात तापाचं मूल आलं, प्लेटलेट घटलेल्या दिसल्या, की डेंग्यू म्हणून आपण मोकळे होतो. ही गल्लत जिवावर बेतू शकते. डेंग्यूच्या शॉकमध्ये रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट झालेलं असतं, म्हणून सलाईन लागतं. मिस-सीत हृदयाचा पंपच अनेकदा थकलेला असतो. त्याच्यावर सलाईनचा मारा केला की पाणी फुप्फुसांत साचतं.

फरक कसा करायचा? डेंग्यूत शॉक बहुधा ताप उतरताना येतो. मिस-सीत ताप चढलेला असतानाच मूल ढासळतं. डेंग्यूत पांढऱ्या पेशी घटतात, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतो, सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) फारसा वाढत नाही. मिस-सीत पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, सोडियम आणि अल्ब्युमिन खाली येतं, सीआरपी भरपूर चढतो. सीआरपीचं एकक नीट वाचा. मार्गदर्शक तत्त्वांत '५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर' असतं. आपल्या बऱ्याच लॅब प्रति लिटरमध्ये रिपोर्ट देतात, म्हणजे तिथे तोच आकडा ५० होतो.

अंगावरची लक्षणंही बघा: लाल पण पू नसलेले डोळे, लाल फुटलेले ओठ, पुरळ, उलट्या, जुलाब. पोट कधी उजव्या बाजूला खाली इतकं दुखतं की ॲपेंडिक्स समजून मूल सर्जनकडे जातं. काखेत, जांघेत काळी खपली शोधा. सापडली तर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा जंतुताप) धरून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लगेच सुरू करा. विदर्भात हे विसरून चालणार नाही.

पॅरासिटामॉलने ताप उतरल्यावर नाडी पुन्हा मोजा. आठ वर्षांच्या शांत पडलेल्या मुलाची नाडी तेव्हाही १५० असेल, तर ती तापाची नाही. छातीवर बोट पाच सेकंद दाबून सोडा. रंग परतायला तीनपेक्षा जास्त सेकंद लागले तर मूल धोक्यात आहे. एक ते दहा वर्षांच्या मुलात वरचा रक्तदाब ७० अधिक वयाच्या दुपटीखाली गेला, म्हणजे आठव्या वर्षी ८६च्या खाली, तर तो शॉक. मोठ्यांचा कफ लहान दंडावर रक्तदाब खोटाच कमी दाखवतो, तेव्हा मुलांचा कफ दवाखान्यात हवाच.

सलाईन द्यायचंच असेल तर एका वेळी किलोला १० मिलिलिटर. २० किलोच्या मुलाला २००. सुरू करण्याआधी यकृताची कड बोटांनी चाचपून पेनने त्वचेवर रेघ मारा. प्रत्येक बोलसनंतर (एका वेळी दिलेल्या सलाईननंतर) पुन्हा चाचपा, फुप्फुसांचे तळ ऐका. कड रेघेखाली उतरली किंवा कुरकुर ऐकू आली, तर सलाईन थांबवा, ॲड्रिनलिनची तयारी करा आणि मूल एको (हृदयाची सोनोग्राफी) होईल अशा ठिकाणी हलवा.

आरटी-पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. तोवर विषाणू बहुधा गेलेला असतो. उलट अँटिबॉडी आज जवळपास सगळ्याच मुलांत सापडतात, म्हणून नुसत्या पॉझिटिव्ह अँटिबॉडीवरून निदान ठरत नाही. ब्लड कल्चर आणि अँटिबॉडीचं रक्त उपचारांआधी काढा. आयव्हीआयजीत (शिरेतून द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनमध्ये) दात्यांच्या अँटिबॉडी असतात, नंतरची तपासणी फसवी ठरते. ईएसआर ही दाहाची दुसरी तपासणीही त्याने वाढलेली दिसते, म्हणून सुधारणा सीआरपीवर मोजा.

उपचार म्हणजे आयव्हीआयजी किलोला २ ग्रॅम आणि मिथाइलप्रेडनिसोलोन किलोला रोज १ ते २ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला आयव्हीआयजी ४० ग्रॅम. पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर ते ८०० मिलिलिटर होतं. कमकुवत हृदयाला हा भार एकदम पेलत नाही, म्हणून डोस दोन दिवसांत विभागतात. स्टेरॉइड ताप गेला म्हणून एकाएकी बंद करू नका. दोन-तीन आठवड्यांत उतरवत न्या, नाहीतर दाह उसळून परततो.

घरी सोडताना पालकांना तीन गोष्टी लेखी द्या. एकोची पुढची वेळ: एक ते दोन आठवड्यांनी, मग चार ते सहा आठवड्यांनी. हृदयाच्या स्नायूला सूज होती तर तीन ते सहा महिने धावणं, कबड्डी, पोहणं बंद. आणि गोवर-गालगुंड-रुबेला व कांजिण्यांच्या लसी आयव्हीआयजीनंतर ११ महिने पुढे. नेमकी तारीख लसीकरण कार्डावरच लिहा, कारण आशाताई तेच कार्ड बघतात.