पाण्याचे कारभारी : चीनचा लोंग आणि आपला नाग

मंडळी, ‘ड्रॅगन’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो आग ओकणारा, खजिन्यावर वेटोळं घालून बसलेला युरोपातला प्राणी. त्याला आज जरा बाहेर बसवू. चीनमधला ड्रॅगन, म्हणजे ‘लोंग’, नदीत, डोहात, विहिरीत राहतो, ढगावर चढतो आणि पाऊस पाडतो. पाऊस पाडणं हा त्याचा चमत्कार नाही, ती त्याची नेमणूक आहे. पावसात कसूर झाली तर जाब विचारता येईल असा हा पाणीखात्याचा अंमलदार. लोक त्याला कसं वागवत, हे कथांपेक्षा विधींच्या मापांत जास्त स्वच्छ दिसतं. म्हणून आज कथा थोड्या आणि मापं जास्त.

सगळ्यांत तपशीलवार मापं सापडतात ती चीनच्या हान राजवटीच्या काळातला विचारवंत दोंग चोंगशू याच्या नावावर असलेल्या ग्रंथात. हा माणूस इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. पाऊस मागण्याच्या विधीला त्या ग्रंथात अख्खं प्रकरण दिलेलं आहे. वसंतात अवर्षण पडलं तर स्वच्छ मातीचा एक मोठा हिरवा-निळा लोंग करायचा, लांबी आठ चांग. एक चांग म्हणजे दहा छी आणि हान काळातला छी साधारण 23 सेंटिमीटरचा, म्हणजे हा मातीचा प्राणी जवळपास साडेअठरा मीटर लांब झाला. तो मध्यभागी ठेवायचा. त्याच्या जोडीला सात छोटे, प्रत्येकी चार चांगांचे. तोंडं सगळ्यांची पूर्वेला आणि दोघांमधलं अंतर आठ छी. तीन दिवस व्रतस्थ राहिलेली आठ मुलं त्याच रंगाचे कपडे घालून त्यांच्यापुढे नाचणार.

आठ, आठ आणि पुन्हा आठ, कारण चिनी पंचतत्त्वांच्या हिशेबात वसंत हा काष्ठतत्त्वाचा, म्हणजे लाकडाचा, आणि काष्ठाचा अंक आठ. उन्हाळ्यात अग्नीचा अंक सात, मग लोंग लाल, सात चांगांचा, दक्षिणेकडे तोंड केलेला, आणि नाचणारे सात धडधाकट पुरुष. शरद ऋतूत धातूचा अंक नऊ, म्हणून पांढरा, नऊ चांगांचा, पश्चिमाभिमुख. त्याच्यापुढे नऊ विधुर नाचतात. हिवाळ्यात काळा, सहा चांगांचा, उत्तराभिमुख, आणि नाचायला सहा म्हातारे. नर्तकांचं वयसुद्धा वर्षाबरोबर वाढत जातं, हे बघा. मूर्ती घडवायचा दिवसही ऋतूप्रमाणे ठरलेला. रंग, दिशा, अंक, दिवस यांतलं एक चुकलं तरी मेळ बिघडला, कारण सगळी भिस्त ‘सजातीय सजातीयाला ओढतं’ या एका तत्त्वावर आहे. एक तंतुवाद्य छेडलं की शेजारचं त्याच सुरात लावलेलं वाद्य आपोआप घुमतं, तसंच लोंगाची आकृती पाहून ढग हलतात, असा तो हिशेब.

बाकीच्या गावानंही हातभार लावायचा. वेशीचा दक्षिण दरवाजा बंद करून त्याच्याबाहेर पाणी ठेवायचं आणि उत्तर दरवाजा उघडायचा, कारण दक्षिण ही उष्णतेची बाजू आणि उत्तर पाण्याची. भूदेवतेच्या ओट्यापासून बाहेरच्या ओढ्यापर्यंत चर खणायचा, आठ छी चौरस आणि एक छी खोल तळं करायचं आणि त्यात पाच बेडूक सोडायचे. ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरणाऱ्या आपल्या पोरांना यातला बेडूक तरी नवा वाटणार नाही. आणि पाऊस जास्त झाला तर? त्याचंही प्रकरण लगेच पुढे आहे. पाण्याचे पाट बुजवायचे, विहिरी झाकायच्या, ओट्याला लाल रेशमी दोरीचे दहा वेढे द्यायचे. थोडक्यात, नळ सोडायचा आणि नळ बंद करायचा, दोन्हीची कृती लिहून ठेवलेली.

मोठी मूर्ती परवडत नसेल तर सरडा चाले. तो लोंगाचा गरीब नातेवाईक समजला जाई. चीनच्या सोंग राजघराण्याच्या दरबारानं 1077 साली त्याची रीतसर पद्धत जाहीर केली : काही डझन सरडे झाडपाल्यासकट पाण्याच्या रांजणात ठेवायचे, दहा ते तेरा वर्षांची 28 मुलं दोन पाळ्यांत घ्यायची, त्यांचे हातपाय आणि तोंड हिरव्या-निळ्या रंगानं रंगवायचं, आणि ओल्या विलोच्या फांद्यांनी पाणी शिंपडत रात्रंदिवस रांजणाभोवती फिरवायचं. मंत्र असा : सरड्या सरड्या, ढग उठव, धुकं सोड, धो धो पाड, मग तुला घरी सोडतो. ही सरळसरळ ओलीस धरून केलेली मागणी आहे. घोटाळा झाला तो राजधानी काइफेंगमध्ये. गल्लीगल्लीतून हा विधी झालाच पाहिजे असा सरकारी तगादा लागला आणि शहरात इतके सरडे मिळेनात. लोकांनी भिंतीवरच्या पाली धरून रांजणात टाकल्या. पाल पाण्यात पडताच मरते. मग पोरांनी मंत्रच बदलला : अन्याय हो अन्याय, मी तर पाल, तुम्हीच असे भ्रमिष्ट, तर पाऊस कुठून यायचा! कागदोपत्री पूर्ण केलेल्या योजनेचं इतकं नेमकं वर्णन क्वचित सापडतं.

आता आपल्याकडचा धागा. लोंग चीनमध्ये फार जुना. ‘लोंगवांग’, म्हणजे लोंगराजा, हे पद मात्र बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलं. संस्कृतातल्या ‘नागराज’चं ते भाषांतर. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाशियान हा चिनी भिक्षू भारतात आला, तेव्हा संकाश्य इथल्या विहारात त्याला पांढऱ्या कानांच्या नागाची हकिकत मिळाली. हा नाग वेळेवर पाऊस पाडी. त्या बदल्यात भिक्षूंनी त्याला घर बांधून दिलं होतं, आणि रोज तीन भिक्षू तिथे जाऊन जेवत. वर्षावास संपला की तो छोट्या सापाच्या रूपानं येई. भिक्षू त्याला दही भरलेल्या तांब्याच्या वाडग्यात ठेवून सर्वांत ज्येष्ठापासून कनिष्ठापर्यंत फिरवत, आणि मग तो दिसेनासा होई. वर्षातून एकदा, हजेरीपुरता.

अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी, वाघूर नदीकडे तोंड करून बसलेला नागराज बहुतेक पर्यटक घाईत ओलांडून जातात. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं हे लेणं खोदवलं. त्याच्या शिलालेखात पाण्याचं मोठं टाकं आणि नागेंद्राचं घर यांचा उल्लेख एकापाठोपाठ येतो. टाकं बांधलं की त्याचा मालकही तिथे बसवायचा, ही त्यामागची समज. 19 क्रमांकाच्या लेण्याबाहेर तर तो सपत्नीक आहे.

बौद्धांचा स्वतःचा पर्जन्यविधी महामेघसूत्रात दिलेला आहे. उघड्या जागी निळं छत, निळी पताका, निळं आसन, स्वच्छ पाण्यानं भरलेले चार कुंभ. पठण करणारा पूर्वेकडे तोंड करून अहोरात्र वाचणार. चारही दिशांना पातळ शेणानं नाग काढायचे : पूर्वेला तीन हातांच्या मापानं तीन फण्यांचा, दक्षिणेला पाच, पश्चिमेला सात, उत्तरेला नऊ. नागपंचमीला पाटावर हळद-चंदनानं नाग काढणाऱ्या घरात हे वाचलं तर कोणाला परकं वाटणार नाही. हे सूत्र चीनमध्ये भाषांतरित झालं, तिथून जपानला पोचलं, आणि तिथेही शतकानुशतकं दुष्काळात वाचलं गेलं.

एकदा पद दिलं की बढती आली आणि शिक्षाही आली. बाराव्या शतकाच्या आरंभी सोंग सम्राट हुइत्सोंगनं पाच रंगांच्या पाच लोंगांना राजेपद बहाल केलं. दुसरीकडे खेड्यांत, नवस-पूजा करूनही पाऊस आला नाही, तर लोंगराजाची मूर्ती देवळातून ओढून रणरणत्या उन्हात ठेवत. भाजू दे त्यालाही, मग कळेल. आपल्याकडे महादेवाला पाण्यात कोंडतात. तिथे पाण्याच्या देवाला कोरडं पाडतात. दोन्हींत भक्ती कमी नाही, पण भीड नाही.

थायलंडमध्ये हा हिशेब आजही दरवर्षी मांडला जातो. आपल्या पंचांगात पर्जन्यनक्षत्राचं वाहन बेडूक की गाढव हे बघतात, तसं तिथे सोंगक्रान या नववर्षाच्या सणाच्या सुमारास यंदा किती नाग पाणी देणार ते जाहीर होतं, एक ते सात. ऐकणाऱ्याला वाटेल, सात म्हणजे चंगळ. प्रत्यक्षात नाग जितके जास्त तितका पाऊस कमी. सात जण असले की प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो आणि बारभाईचा कारभार होतो. शेतकऱ्याला हवा असतो एकच नाग.