तांबं किती जाड आहे?

[दृश्य: टेबलावर उघडा ठेवलेला क्वाडकॉप्टर. कॅमेरा हळूहळू मधल्या चौकोनी पाटीवर येतो.]

या ड्रोनला चार मोटरी. प्रत्येकीला आपापला ईएससी, म्हणजे वेग सांभाळणारं सर्किट. बॅटरी मात्र एकच. त्या एका बॅटरीची वीज चौघींना वाटून देते ती ही मधली पाटी: पॉवर डिस्ट्रिब्युशन बोर्ड, रोजच्या बोलण्यात पीडीबी.

ड्रोन बांधताना मोटर कोणती, पंखा किती इंची, यावर भरपूर खल होतो. पीडीबी मात्र हाताशी येईल तो उचलला जातो. हे बदलायला हवं. ड्रोन जेवढा करंट खातो, तो सगळाच्या सगळा या पाटीवरच्या तांब्यातून जातो.

[दृश्य: बोर्डाचा क्लोज-अप. तांब्याचा ट्रॅक उजळतो.]

हा ट्रॅक बघा. पाच सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद. साध्या बोर्डावर तांब्याचा थर असतो ३५ मायक्रॉनचा. एवढ्या पट्टीचा रोध भरतो साधारण २.४ मिलिओहम. म्हणजे जवळपास काहीच नाही, असं वाटेल. ड्रोन हवेत एका जागी तरंगत असताना समजा २० अँपिअर घेतोय. मग या पट्टीत एक वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. आता थ्रॉटल, म्हणजे मोटरींचा वेग वाढवणारी दांडी, पूर्ण उघडा. करंट ८० अँपिअर. करंट चौपट झाला, पण उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून ती होते सोळापट. पंधरा वॉट! छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, तीही बोटभर पट्टीत. आणि हा झाला फक्त धन बाजूचा हिशोब. तेवढाच करंट ऋण बाजूने परत बॅटरीकडे जातो.

हाच ट्रॅक दोन सेंटिमीटर रुंद केला आणि तांबं ७० मायक्रॉनचं घेतलं, तर रोध चौथाईवर येतो आणि उष्णता चार वॉटच्या आत. म्हणून बोर्ड निवडताना त्यावर छापलेल्या अँपिअरच्या आकड्यावर थांबू नका. तो आकडा कायमचा आहे की काही सेकंदांपुरता, हे पाहा. तांबं किती जाड आहे, विचारा. स्वतः बोर्ड बनवत असाल, तर बॅटरीच्या पॅडपासून (पॅड म्हणजे बोर्डावरची वायर जोडायची जागा) चारही ईएससींपर्यंतचं अंतर शक्य तितकं कमी ठेवा.

लहान रेसिंग ड्रोनमध्ये आता चारही ईएससी एकाच बोर्डावर येतात. तिथे वेगळा पीडीबी लागत नाही. मोठ्या फ्रेमवर मात्र, जिथे ईएससी एकेका हातावर बसवलेले असतात, तिथे तो हवाच. एक ईएससी जळला तर तेवढाच बदलता येतो, हा त्या रचनेचा मोठा फायदा.

[दृश्य: बॅटरीच्या पॅडवर बसवलेला कपॅसिटर.]

हा कपॅसिटर शोभेचा नाही, व्होल्टेजच्या उसळ्या शोषून घ्यायला आहे. थ्रॉटल एकदम खाली आणला की ईएससी मोटरीला ब्रेक लावतो, आणि फिरती मोटर जनित्रासारखी वीज उलटी ढकलते. त्यात लांब वायरींमुळे व्होल्टेज उसळ्या मारतं. या उसळ्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडव्या रेषा होऊन दिसतात. फार झाल्या तर ईएससीच जातो. सहा सेलची लायपो बॅटरी पूर्ण भरली की २५.२ व्होल्ट देते. तिथे २५ व्होल्टचा कपॅसिटर चालणार नाही. किमान ३५ व्होल्टचा, लो-ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेला घ्या. पाय आखूड कापा आणि तो बॅटरीच्या पॅडलगतच बसवा.

फ्लाइट कंट्रोलरला, म्हणजे ड्रोनच्या मेंदूला, ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर स्विचिंग प्रकारचाच हवा, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा. लिनिअर रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत जाळतो; चार सेलच्या भरलेल्या बॅटरीच्या १६.८ व्होल्टचे ५ करताना तो एका अँपिअरमागे जवळजवळ १२ वॉट नुसते उष्णतेत घालवतो.

[दृश्य: सोल्डरिंग. टोक, पॅड आणि जाड वायर एकाच चौकटीत.]

आता हाताचं काम. जाड तांबं उष्णता भराभर ओढून घेतं, म्हणून बारीक टोकाचं आयर्न इथे हरतं. रुंद, चपटं टोक लावा. पॅडवर आणि वायरवर आधी वेगवेगळं सोल्डर चढवून घ्या, मग दोन्ही जोडा. ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. पण वितळलं म्हणजे धरलं असं नाही. पाहा... सोल्डर पॅडच्या कडेपर्यंत पसरतंय, वायरीच्या तारांमध्ये शिरतंय. पॅडवर नुसता गोळा बसलेला दिसला, तर तो जोड कच्चा. पुन्हा तापवा.

बोर्डाखाली इन्सुलेशन हवंच, कारण कार्बन फायबरच्या फ्रेममधून वीज वाहते.

[दृश्य: मल्टिमीटर, मग वायरीत जोडलेला दिवा.]

बॅटरी लावण्याआधी पंखे काढा. मीटर धन-ऋण पॅडवर टेकवा. कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर बीप येईल. आवाज थांबलाच नाही, तर कुठेतरी शॉर्ट आहे. पहिल्यांदा वीज देताना मध्ये एक दिवा सिरीजमध्ये जोडा. तो लुकलुकून विझला, तर पुढे जा. पेटलेलाच राहिला, तर लगेच बॅटरी काढा. ५ व्होल्टच्या पॅडवर खरोखर ५ व्होल्ट आहेत ना, हे मीटरने पाहा आणि मगच फ्लाइट कंट्रोलर जोडा.

पहिलं उड्डाण दोन मिनिटांचं, जमिनीलगत. उतरवा, बॅटरी काढा, बोर्डाला आणि कनेक्टरला बोट लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल, तर जिथे चटका बसला तिथलाच जोड आधी तपासा.