ठाऊक असलेल्या गोष्टीची गंमत : संगीत सौभद्र

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात देवळाची जत्रा आणि नाटक यांची ताटातूट सहसा होत नाही. पालखी आत गेली की मांडवात पडदा वर जातो. नाटक संगीत असलं, तर पुढच्या रांगांत असे दर्दी बसलेले असतात की नटाचं पद अडलं तर पुढची ओळ तेच पुरवतील. 'संगीत सौभद्र' अशाच मांडवांत रंगतं. सुभद्रा शेवटी अर्जुनाचीच होणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग पाच अंक आपण बसतो कशासाठी, एवढ्याच प्रश्नाबद्दल आज बोलायचं आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक रंगभूमीवर आणलं १८८२ साली, 'शाकुंतल'नंतर दोन वर्षांनी. त्याआधी विष्णुदास भाव्यांच्या पठडीतल्या नाटकांत गायचं काम सूत्रधाराचं होतं आणि पात्रं आपली भाषणं बरीचशी आयत्या वेळी जुळवायची. किर्लोस्करांनी संवाद लिहून काढले आणि गाणं ज्याचं त्याच्या तोंडी दिलं. साकी-दिंडीसारखी जुनी वृत्तं, लावणीची चाल, कर्नाटकी वळण, जे कानाला गोड ते घेतलं. विनोदी नाटकाला याचा मोठा फायदा झाला. पात्र गाऊन मन मोकळं करतं ते आपल्यापाशी. शेजारी उभ्या असलेल्याला त्याचा पत्ता नसतो.

आता मूळ कथा पाहा. महाभारताच्या आदिपर्वात रैवतक पर्वतावर उत्सव चालू असतो, अर्जुन सुभद्रेवर लुब्ध होतो, कृष्ण म्हणतो, स्वयंवराचा भरवसा नाही, सरळ पळवून ने. अर्जुन तिला रथात घालून नेतो, बलराम खवळतो, कृष्ण त्याची समजूत काढतो. सगळा क्षत्रियाचा मामला, हसायला त्यात फारसं काही नाही. हसू दडलं आहे ते भागवतात. दशम स्कंधाच्या ८६व्या अध्यायात बलरामाला बहीण दुर्योधनाला द्यायची असते आणि अर्जुन त्रिदंडी संन्याशाचं सोंग घेऊन द्वारकेत येतो. पावसाळ्याचे महिने तो तिथेच मुक्काम ठोकतो. स्वामींचा चातुर्मास म्हणजे काय थाट असतो, ते कवळे-पर्तगाळच्या मठांत वावरलेल्या माणसाला मी सांगायला नको! बलराम त्याला ओळखत नाही आणि मोठ्या भक्तीने घरी जेवायला बोलावतो. भागवतकारांनी हे थोडक्या श्लोकांत उरकलं. किर्लोस्करांनी तिथेच बैठक मारली.

मला वाटतं, नाटकाची सगळी खुबी या बलरामात आहे. त्याच्यात कपट नाही. रागीट आहे, भाबडा आहे, आणि घरातला कर्ता पुरुष म्हणून आपलं शहाणपण त्याने गृहीत धरलेलं आहे. यतीला, म्हणजे त्या सोंगातल्या संन्याशाला, सन्मानाने आणतो तोच, आणि त्याची सेवा सुभद्रेकडे सोपवतो तोही तोच. कृष्णाला सगळं माहीत, नारदाला माहीत, आपल्याला तर पुराण ऐकल्यापासून माहीत. बलरामाने यतीपुढे हात जोडले की मांडवात खसखस पिकते, कारण त्याचं प्रत्येक वाक्य आपल्याला दोन अर्थांनी ऐकू येतं. पुढे काय होणार ही उत्कंठा नाटककाराला निर्माण करावीच लागली नाही. पुराणाने प्रेक्षकाला आधीच कटात सामील करून घेतलं होतं. खलनायक म्हणावा असाही इथे कुणी नाही. अडचण उभी केली आहे ती बहिणीचं भलं चिंतणाऱ्या भावाने, आणि हे तर कुठल्याही घरात घडतं.

घटोत्कचाचंही तसंच. लग्नघरातून सुभद्रेला उचलून नेण्याची कामगिरी या राक्षसाकडे आहे. मूळ सुभद्राहरणात तो कुठेच नाही. पण गोव्या-कोकणातल्या दशावताराचा प्रेक्षक राक्षसाला थोडाच घाबरतो! संकासुर येतो तोच मुळी लोकांना हसवायला, मग विष्णूच्या हातून मरतो. राक्षस दिसला म्हणजे गंमत होणार, ही सवय आपल्या डोळ्यांना फार जुनी आहे.

या सगळ्या धांदलीत एकटी सुभद्रा खरोखर रडवेली आहे. 'वद जाऊं कुणाला शरण' हे पद तिचं. आप्तबांधवांना दुःख सांगून पाहिलं, सगळं फुकट गेलं, असं ती सखीला सांगते. तिचा अर्जुन हाकेच्या अंतरावर आहे हे आपल्याला माहीत असतं आणि तरी गळा दाटून येतो. भाऊराव कोल्हटकरांनी ही सुभद्रा गाजवली, एका पुरुषाने! अलीकडे काही प्रयोगांत हे पद तानांनी इतकं फुगवतात की सुभद्रेचं दुःख बाजूला राहतं आणि गवयाची तयारी तेवढी दिसते. वन्स मोअर मिळतो, पण नाटक तिथेच थांबतं. आमच्या मंगेशीच्या मातीत दीनानाथ मंगेशकरांसारखे गायकनट जन्मले, म्हणून हे जरा हक्काने बोलतो.

आणि कृष्ण? द्वारकेचा राणा, पण घरात रुक्मिणी रुसली की त्याचं काही चालत नाही. 'नच सुंदरि करूं कोपा' म्हणत तो विनवणी करतो आणि त्याच पदात सांगतो, 'नारी मज बहु असती, परि प्रीति तुजवरती'. पुराणात सोळा सहस्र एकशेआठ बायकांची गोष्ट आपण हात जोडून ऐकतो. इथे तीच गोष्ट नवऱ्याच्या तोंडची लंगडी सबब होते, आणि बायकांच्या रांगेतून हसू येतं ते पुरुषांच्या आधी. देवाचं देवपण कुठेही कमी न करता त्याला माजघरात आणून बसवायचं, हे फार अवघड काम होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर भाविक उठून गेले असते.

रुक्मिणीची समजूत निघाली की नाही, ते आता पदातच ऐकू या.