मोडलेल्या मनगटाचा नमस्कार

नमस्कार श्रोतेहो. हा नुसता म्हणण्यापुरता नाही. मी फिजिओथेरपिस्ट, मनगट मोडून आलेल्या प्रत्येकाला मी खरोखरच नमस्कार करायला लावते. तळव्याला तळवा टेकवून कोपरं वर नेली की मनगट किती वळतंय ते कळतं. मग तीर्थ घेताना करतो तसा तळवा वर करायला सांगते. इथे बरेच जण खांदा वाकडा करून वेळ मारून नेतात. ती चोरी लगेच दिसते.

पावसाळ्यात पर्वतीच्या ओल्या पायऱ्या, मंडईतला चिखल. माणूस घसरतो, हात टेकतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. गेल्या वर्षी सदाशिव पेठेतल्या एक काकू आल्या. वय 67, प्लास्टर नुकतंच निघालेलं. म्हणाल्या, "अहो, हाड वाकडंच जुळलंय. बांगडी बसत नाही. ऑपरेशन करायला हवं होतं का हो?"

डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये या फ्रॅक्चरचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रे यायला 81 वर्षं बाकी होती. त्यांनी लिहिलंय, कालांतराने हात पूर्ण मोकळा होईल, दुखणारही नाही; बाक मात्र जन्मभर राहील. 'पूर्ण मोकळा' हे जरा जास्तच झालं. थोडा ताठरपणा राहतो, थंडीत ठणकतंही. पण पासष्टीपुढच्यांत ऑपरेशन करून धातूची प्लेट घातली तर हात लवकर चालतो आणि एक्स-रे देखणा दिसतो एवढंच. वर्षभरानंतर रोजच्या कामात प्लास्टरवाल्यांशी फारसा फरक उरत नाही. तिशीतल्यांचं वेगळं. सांध्यातला हाडाचा पृष्ठभाग नीट न जुळता दोन मिलिमीटरची पायरी राहिली तरी पुढे झीज होऊ शकते.

मला काकूंच्या बाकापेक्षा बोटांची काळजी होती. दीड महिना हात गळ्यात, आणि शेजारणीने बजावलेलं, "अजिबात हलवू नका!" मूठ मिटेना. खरं तर प्लास्टरमध्येही बोटं, कोपर, खांदा हलता ठेवायचा असतो. आम्ही कणकेच्या गोळ्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यात पातेलं उचललं, आठव्यात ओली चादर पिळली. पकड वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ सुधारत राहते. मध्येच अंगठा एकाएकी वर उचलेनासा झाला, तर मात्र स्नायूबंध तुटला असू शकतो. तेव्हा व्यायाम नको, थेट सर्जनकडे.

आणखी एक. काकू चालता चालता पडल्या होत्या, जिन्यावरून गडगडल्या नव्हत्या. पन्नाशीनंतर एवढ्याशा पडण्याने मनगट मोडलं, तर हाडं ठिसूळ असू शकतात आणि पुढचा नंबर खुब्याचा लागू शकतो. त्यांची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी कुणी सांगितलीच नव्हती. करून घेतली, हाडं ठिसूळ निघाली, औषध सुरू झालं.

परवा काकू तुळशीबागेतून एक माप मोठ्या बांगड्या भरून आल्या. नमस्कारात उजवं कोपर अजून जरा खालीच राहतं. "चालतंय की," म्हणाल्या.

नमस्कार.