प्रकाशनाला अठरा दिवस उरले असताना

(दृश्य : ठाण्यातील वर्तकनगर, रात्रीची वेळ. तिसऱ्या मजल्यावरील एका खिडकीत संगणकाच्या पडद्याचा निळसर उजेड.)

सोमवार, २८ जानेवारी २०१९. वर्तकनगरच्या एकाच वसाहतीत लहानाचे मोठे झालेले आणि पुढे नोकरीनिमित्त ऐरोली, खारघर आणि घोडबंदर रस्ता असे पांगलेले चार मित्र त्या रात्री फोनवर एकाच बातमीविषयी बोलत होते. चौथा अजूनही वर्तकनगरातच राहत होता. ‘मेट्रो एक्सोडस’ या संगणकावरील खेळाची स्टीम या ऑनलाइन दुकानातील विक्री त्या दिवशी बंद झाली होती. कित्येक महिने तेथे आगाऊ नोंदणी सुरू होती आणि प्रकाशनाला केवळ अठरा दिवस उरले होते. १५ फेब्रुवारीला खेळ एपिक गेम्स स्टोअर या दुसऱ्या, नव्या ऑनलाइन दुकानात येणार होता. स्टीमवर तो परत यायला पूर्ण एक वर्ष लागणार होते.

ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना खेळ स्टीमवरच मिळेल, असे प्रकाशकांनी स्पष्ट केले होते आणि तो शब्द पाळलाही गेला. चौघांपैकी एकाने तशी नोंदणी करून ठेवली होती. उरलेले तिघे महिनाअखेरच्या पगाराची वाट पाहत होते. तीन दिवसांनी पगार झाला, तेव्हा त्यांच्यासमोर दोनच मार्ग होते : नव्या दुकानात जाणे किंवा वर्षभर थांबणे. एक जण गेला, दोघे थांबले.

या व्यवहाराला खेळाडू ‘टाइम्ड एक्सक्लुझिव्ह’ म्हणतात. आपण त्याला मुदतीची मक्तेदारी म्हणू. संगणकावरील एखादा खेळ ठरावीक काळ, बहुधा सहा महिने किंवा वर्षभर, एकाच ऑनलाइन दुकानात विकायचा आणि त्या बदल्यात दुकानाने प्रकाशकाला पैसे किंवा किमान विक्रीची हमी द्यायची, असा हा करार असतो. मुदत संपली की खेळ इतरत्र विकायला प्रकाशक मोकळा होतो. कागदावर यात कोणाचे फारसे नुकसान दिसत नाही. नवे दुकान विनामूल्य उघडता येते, त्याचे लाँचर, म्हणजे खेळ उतरवून सुरू करून देणारा प्रोग्राम, विनामूल्य उतरवता येते, आणि खेळ तर तोच असतो. तरीही २०१९ मध्ये जगभरातील खेळाडू या प्रश्नावर इतके का संतापले, हे समजून घेण्यासाठी आधी हिशेब पाहायला हवा.

व्हॉल्व्ह या कंपनीचे स्टीम सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाले. प्रत्येक विक्रीतील ३० टक्के वाटा स्टीमचा आणि ७० टक्के प्रकाशकाचा, ही तेथील सर्वसाधारण विभागणी आहे. ६ डिसेंबर २०१८ रोजी एपिकने स्वतःचे दुकान उघडले आणि आपला वाटा केवळ १२ टक्के ठेवला. त्याच सुमारास स्टीमनेही आपले दर बदलले होते, पण त्याचा लाभ मोठ्यांपुरता होता : एखाद्या खेळाची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की पुढील विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के. तेव्हाच्या दरांनी एक हजार रुपयांचा खेळ विकला गेला, तर कर बाजूला ठेवून, छोट्या निर्मात्याच्या हाती स्टीमवर ७०० रुपये पडत आणि एपिकवर ८८०. दोन-चार जणांच्या चमूसाठी प्रत्येक प्रतीमागचे ते १८० रुपये म्हणजे पुढचा खेळ पूर्ण होईपर्यंतचे घरभाडे होते. निर्मात्यांची ही बाजू खरी आहे आणि ती ऐकून न घेता दिलेला निकाल मला मान्य नाही.

पण खेळाडूने विचारलेला प्रश्नही तितकाच खरा होता. त्या १८० रुपयांतून मला काय मिळाले? ‘मेट्रो एक्सोडस’ची किंमत अमेरिकेत ६० डॉलरवरून ५० डॉलरवर आणली गेली, हे खरे, मात्र बहुतेक खेळांच्या बाबतीत दुकानाचा वाटा घटूनही गिऱ्हाईकाची किंमत तीच राहिली. सुरुवातीच्या त्या दुकानात खेळाडूंनी लिहिलेली परीक्षणे नव्हती, आणि खेळातील प्रगती आपोआप ऑनलाइन साठवण्याची सोयही नव्हती. एकाच वेळी अनेक खेळ विकत घेण्यासाठी लागणारी साधी खरेदीची टोपलीसुद्धा तेथे डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे दुकान उघडल्यानंतर तीन वर्षांनी आली. दर आठवड्याला विनामूल्य खेळ मात्र मिळत होते, आणि मे २०२० मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’ विनामूल्य दिला गेला, तेव्हा गर्दीने ते संकेतस्थळच काही तास कोलमडले. विनामूल्य खेळासाठी रांग लावणारे आणि मक्तेदारीवर रागावणारे अनेकदा तेच लोक होते. मला त्यात विसंगती दिसत नाही. भेट स्वीकारणे वेगळे आणि आपला मार्ग दुसऱ्याने ठरवणे वेगळे.

(दृश्य : ठाणे स्थानकाचा पश्चिमेकडील भाग. पुलाखालची गर्दी, पदपथावरील विक्रेते.)

आपल्याकडच्या खेळाडूच्या रागाला आणखी एक पदर आहे. जे आज तिशी-पस्तिशीत आहेत, त्यांनी लहानपणी संगणकावर खेळलेले बहुतेक खेळ स्थानकाबाहेरच्या पदपथावर घेतलेल्या चोरीच्या सीडीवरून आले होते किंवा सायबर कॅफेत तासाच्या दराने खेळले गेले होते. मूळ प्रत विकत घेणे ही त्या काळात बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. २०१५ मध्ये दोन बदल घडले. जूनमध्ये स्टीमने परताव्याचे नियम जाहीर केले : खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे रुपयांतील किमती दिसू लागल्या. पहिल्या पगारातून पहिला अस्सल खेळ घेणारी एक पिढी या काळात तयार झाली, आणि तिच्यासाठी स्टीमवरील लायब्ररी ही नुसती यादी राहिली नाही. वर्षानुवर्षे सेलची वाट पाहून, विशलिस्ट सांभाळून, एकेक खेळ जोडत उभे केलेले ते तिचे पुस्तकांचे कपाट होते. मालिकेचे पहिले दोन भाग या कपाटात आणि तिसरा दुसऱ्याच्या घरी, ही कल्पना ज्याला टोचत नाही त्याने कपाट मांडलेले नसावे.

तरीही केवळ मक्तेदारी हे रागाचे मूळ होते, असे मला वाटत नाही. ‘हेडीज’ हा खेळ एपिकचे दुकान उघडले त्याच दिवशी तेथे अर्ली अ‍ॅक्सेसच्या रूपात, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला. तो एक वर्ष तेथेच राहिला, डिसेंबर २०१९ मध्ये स्टीमवर आला, आणि खेळाडूंनी त्याचे मनापासून स्वागत केले. त्याच्याविरुद्ध मोहीम उभी राहिली नाही, कारण तो पहिल्यापासून जेथे येणार असे सांगितले होते तेथेच आला होता. कोणाला दिलेला शब्द त्यात मोडला नव्हता.

‘फीनिक्स पॉइंट’चे तसे झाले नाही. मूळ ‘एक्स-कॉम’चे निर्माते ज्युलियन गोलॉप यांच्या स्टुडिओने २०१७ मध्ये या खेळासाठी लोकांकडून पैसे उभे केले होते आणि पैसे देणाऱ्यांना स्टीम किंवा जीओजी या दुकानांची की, म्हणजे तेथे खेळ मिळवून देणारा संकेतांक, मिळेल, असे सांगितले होते. मार्च २०१९ मध्ये खेळ वर्षभरासाठी एपिकवर जात असल्याचे जाहीर झाले. स्टुडिओने पूर्ण परतावा देऊ केला. जे थांबतील त्यांना एपिकची की लगेच, स्टीम किंवा जीओजीची की वर्षानंतर आणि वर्षभरातील वाढीव भाग विनामूल्य, असेही सांगितले. पैशांच्या हिशेबात भरपाई पुरेशी होती. राग मात्र शमला नाही. आपल्याकडे जो गणेशोत्सवाची वर्गणी देतो, त्याला त्याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. वर्गणी ही खरेदी नसते. ती देणारा स्वतःला मंडळाचा मानतो, आणि मांडव दुसऱ्या गल्लीत हलवताना मंडळाने त्याला विचारले नाही, तर पावतीचे पैसे परत देऊन त्याची समजूत निघत नाही.

‘शेनमू ३’च्या बाबतीत हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. २०१५ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर या खेळासाठी ६३ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली होती. जून २०१९ मध्ये तो एपिकवर जाणार असे जाहीर झाले, तेव्हा स्टीमच्या कीची अपेक्षा ठेवून चार वर्षे थांबलेले लोक दुखावले. अखेर परताव्याचा भार उचलण्याची तयारी एपिकने दाखवली आणि वर्षभरानंतर स्टीमची की मिळण्याचा मार्गही मोकळा झाला. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या खेळांबाबत पुढे अधिक काळजी घेतली गेली. तक्रारीमुळे काहीच बदलत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

(दृश्य : पडद्यावर एका जुन्या खेळाचे पान. नकारात्मक परीक्षणांची लाल पट्टी झपाट्याने वाढते.)

रागाची पद्धत मात्र प्रत्येक वेळी योग्य नव्हती. ‘मेट्रो एक्सोडस’ स्टीमवर विकला जात नव्हता, म्हणून लोकांनी त्याच मालिकेतील जुन्या खेळांवर नकारात्मक परीक्षणांचा मारा केला. एप्रिल २०१९ मध्ये ‘बॉर्डरलँड्स ३’ सहा महिने एपिकवर राहणार असे कळताच ‘बॉर्डरलँड्स’च्या आधीच्या भागांवर तीच वेळ आली. स्टीमने नुकत्याच आणलेल्या नियमानुसार ‘बॉर्डरलँड्स’वरील परीक्षणांना विषयबाह्य ठरवून गुणांकनातून वगळले. ज्या खेळाविषयी काहीही तक्रार नाही त्याला नापास करून त्याच्या प्रकाशकाला धडा शिकवणे, हे मला पटत नाही. एखाद्या नव्या गिऱ्हाईकाला तो जुना खेळ खरोखर कसा आहे हे जाणून घ्यायचे असते, आणि या भांडणात त्याची फसगत होते. पण ज्याच्या हाती दुसरे कोणतेही साधन नाही, तो हाताशी असलेले साधन वापरतो, हेही तितकेच खरे आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये जे घडले त्याचे मात्र कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. ‘ऊब्लेट्स’ हा गोड, निरुपद्रवी खेळ बनवणाऱ्या दोन जणांनी आपण एपिकचा करार स्वीकारल्याचे सांगितले. सर्व दुकानांतून मिळून जेवढी विक्री अपेक्षित होती तेवढ्या रकमेची हमी त्यांना मिळाली होती. त्यांच्या निवेदनाचा सूर थट्टेचा होता आणि तो अनेकांना आवडला नाही, एवढे मान्य करता येईल. पण त्यानंतर त्या दोघांवर शिव्यांचा आणि धमक्यांचा पूर लोटला, आणि त्यांच्या नावाने बनावट संदेशही पसरवले गेले. ज्यांच्यासमोर एकीकडे अनिश्चित उत्पन्न आणि दुसरीकडे हमीची रक्कम होती, त्यांनी हमी निवडली. आपल्या घरात कोणी तसे केले असते तर आपण त्याला शहाणपण म्हटले असते.

हा पैसा कोठून येत होता? ‘फोर्टनाइट’ या एपिकच्याच खेळाच्या अफाट यशातून. ‘कंट्रोल’ या खेळाच्या मक्तेदारीसाठी सुमारे ९५ लाख युरो मोजले गेले, हे त्याच्या प्रकाशकाच्या आर्थिक अहवालातून बाहेर आले. पुढे अ‍ॅपल आणि एपिक यांच्यातील खटल्यात अ‍ॅपलने न्यायालयात मांडलेल्या माहितीनुसार, एपिकने एकट्या २०२० या वर्षासाठी ४४.४ कोटी डॉलरच्या किमान हमी दिल्या होत्या आणि २०१९ मध्ये या दुकानाला सुमारे १८ कोटी डॉलरचा तोटा झाला होता. एपिकचे प्रमुख टिम स्विनी यांनी एप्रिल २०१९ मध्येच जाहीरपणे सांगितले होते की, स्टीमने सर्वांसाठी ८८ टक्क्यांचा वाटा कोणत्याही मोठ्या अटीशिवाय कायमचा मान्य केला, तर आपण मक्तेदारीचे करार आवरते घेऊ. स्टीमने तसे केले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये एपिकने योजनेचे रूप बदलले : जो निर्माता पहिले सहा महिने खेळ केवळ एपिकवर ठेवील, त्याला त्या काळातील निव्वळ उत्पन्न शंभर टक्के मिळेल. मोठ्या आगाऊ हमीची जागा आता वाट्याने घेतली होती.

(दृश्य : घोडबंदर रस्त्यावरील चहाची टपरी. चार पेले, पैकी दोन रिकामे.)

आता पुन्हा त्या चार मित्रांकडे येऊ. २०१९ च्या त्या वर्षात त्यांचे पैशांचे नुकसान झाले नाही. थांबलेल्या दोघांना तर वर्षभरानंतर दुरुस्त्या झालेला खेळ मिळाला. त्यांनी जे गमावले ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. शाळेपासून हे चौघे एकच खेळ एकाच आठवड्यात सुरू करत आले होते आणि शनिवारी टपरीवर त्याविषयी बोलत आले होते. त्या फेब्रुवारीत दोघे खेळत होते आणि दोघांना कथा आधी कळू द्यायची नव्हती, म्हणून विषयच निघेनासा झाला. वर्षाने जेव्हा उरलेल्या दोघांचा खेळ संपला, तेव्हा पहिल्या दोघांना त्यातले बारकावे आठवत नव्हते.

सप्टेंबर २०१९ मध्ये ‘बॉर्डरलँड्स ३’ आला, तेव्हाही तीच फूट पडली. दोघांनी तो एपिकवर घेतला, दोघे स्टीमसाठी थांबले. १३ मार्च २०२० रोजी तो स्टीमवर आला, आणि त्यासोबत एक सोय आली जिची फारशी चर्चा झाली नाही : स्टीमवरील आणि एपिकवरील खेळाडू आता एकत्र खेळू शकत होते. बारा दिवसांनी देशभर टाळेबंदी सुरू झाली. ऐरोली, खारघर, घोडबंदर रस्ता आणि वर्तकनगर यांच्यातील वाहतूक थांबली. त्या आठवड्यात एका रात्री, दोन दुकानांतून घेतलेल्या चार प्रतींवर, ते चौघे कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा एकाच खेळात एकत्र उतरले. दोघे पुढच्या पातळीवर होते, दोघे अगदी आरंभी. पुढे असलेल्या दोघांनी नवी पात्रे निवडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.